एकास बाराचा उतार

माझे पाय गेले त्याला आता तीन वर्षं होतील. ‘गेले’ म्हणते, पण आहेत ते इथंच, चाकांच्या खुर्चीच्या खालच्या पट्टीवर, मोजे घालून ठेवलेले. प्रज्ञा, माझी मुलगी, रोज सकाळी ते मोजे चढवते आणि म्हणते, “मम्मी, लिही ना. तुझ्यासारखं ज्यांना झालंय त्यांना उपयोग होईल.” होईल की नाही, मला माहीत नाही. मी सरकारी बांधकाम खात्यातली कनिष्ठ अभियंता. अठरा वर्षं इमारती मोजल्या. आमचं लिहिणं म्हणजे मोजमाप पुस्तकात आकडे उतरवणं, आणि तेही मी नीट केलं नाही. माझ्या आजाराची गोष्ट सांगायची तर ती गोष्टही सांगावी लागते. म्हणून इतके दिवस टाळत होते.

चप्पल

कुकरची रिंग आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले होते. दोन-तीन दिवस तळपायाला मुंग्या येत होत्या, पण साइटवर दिवसभर उभं राहणाऱ्या बाईच्या पायाला मुंग्या आल्या तर ती काही दवाखान्यात जात नाही. रिंग घेतली, पिशवीत टाकली, निघाले. मागून गाळण्या-चाकू विकणारा माणूस ओरडला, “ओ ताई, चप्पल राहिली ना तुमची!”

खाली बघितलं तर उजवा पाय अनवाणी. पंधरा-वीस पावलं मी तशीच त्या खडीतून चालत आले होते आणि मला पत्ताच नव्हता. तो हसला, मीही हसले. रिक्षात बसल्यावर मात्र त्या पायाला जोरात चिमटा काढून बघितला. काही कळलं नाही. मग डाव्या पायाला काढला. तिथंही कमीच कळलं. घरी येऊन मी नव्या रिंगेचा कुकर लावला आणि सुधाकरला, माझ्या नवऱ्याला, काहीच सांगितलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरले आणि सरळ खाली बसले.

डॉक्टर माझ्या प्रज्ञापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. तिनं स्टूल ओढलं, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर आली आणि म्हणाली, “मणक्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आहे. औषधं लगेच सुरू करू.” सुधाकरनं विचारलं, “चालेल ना ती?” ती म्हणाली, “काही जण पूर्ण चालतात, काही थोडं, काही नाही. चार-सहा महिन्यांत कळेल.” मी विचारलं, “जिना?” आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. ती म्हणाली, “जिन्याचा विचार आत्ता नको.”

मला तिचा राग आला नाही. ठेकेदाराला उत्तर द्यायचं नसलं की मीही असंच बोलायचे.

वॉर्ड

वॉर्डात दिवस डॉक्टरांमुळे नाही, आया कमलमावशींमुळे उजाडायचा. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. लघवीची नळी, पिशवी, पुसणं, पावडर. मला पायांचं रडू येत नव्हतं. ते परत येतील अशी आशा होती. रडू यायचं ते त्या पिशवीचं. पहिल्यांदा मावशींनी चादर बाजूला केली तेव्हा मी तोंड भिंतीकडे वळवलं.

“लाजायचं नाय,” त्या म्हणाल्या. “आज धा जणांचं केलं. तू अकरावी. मला तर आता चेहरे बी ध्यानात राहत नाहीत.”

रविवारी त्या माझे केस धुवायच्या. पलंगाच्या डोक्याशी बादली ठेवून, मानेखाली रबरी कापड घालून. ते त्यांच्या कामात नव्हतं. गरम पाणी डोक्यावरून जाताना मला अजून वाटणारं शरीर किती आहे ते नीट समजायचं: डोकं, मान, खांदे, हात, छाती. तेवढ्या वेळात मी सुखी असायचे, हे लिहून ठेवते. अशी पाच-पाच मिनिटं मिळतात, ती नाकारू नका.

सुधाकर फार सभ्य झाला होता. बावीस वर्षांत कधी म्हणाला नव्हता इतक्या वेळा “काही हवंय का?” म्हणायचा. डबा व्हरांड्यात उभ्यानं खायचा. घरी आले तेव्हा चपलांच्या स्टँडवर माझा खण रिकामा दिसला. त्यानं माझ्या सगळ्या चपला माळ्यावर टाकल्या होत्या. मला बघून वाईट वाटू नये म्हणून. मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी त्यानं सगळ्या चपला खाली काढल्या, पुसल्या, परत लावल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन रडला. मला ऐकू आलं. मी दारापर्यंत गेले, पण ते दुसऱ्या मजल्यावरचं जुनं घर होतं आणि स्वयंपाकघराचं दार खुर्चीपेक्षा अरुंद होतं. मी दाराबाहेर थांबले.

इस्माईलभाई

वॉर्डात दुपारी झोप लागायची नाही. तेव्हा मला सिल्लोडचे इस्माईलभाई आठवायचे.

लहानपणी पोलिओ झालेला माणूस. मागं दोन जादा चाकं लावलेल्या स्कूटरवरून सिल्लोडहून आमच्या ऑफिसला यायचे. ऑफिसला पाच पायऱ्या. ते खालीच थांबून हॉर्न वाजवायचे, मग शिपाई सांगायचा, “मॅडम, तुमचे ते आले.” मी खाली उतरून त्यांच्यापाशी जायचे आणि मला वाटायचं, मी किती चांगली.

त्यांची तक्रार एका सरकारी कार्यालयाच्या रॅम्पबद्दल होती. तो रॅम्प आमच्याकडून झालेला, मोजमाप माझ्या सहीचं.

“म्याडम, उस रॅम्प पे बकरी भी फिसलती,” ते म्हणाले. “तुमे एक बार कुर्सी में बैठ के चढ के देखो. बस, एक बार.”

नियम सोपा आहे. सार्वजनिक इमारतीचा रॅम्प एकास बारा हवा. एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी. आमच्याकडं काळी माती, त्यामुळं जोती उंच. अडीच-तीन फूट जोतं असलं तर तीस-छत्तीस फुटांचा रॅम्प लागतो आणि इमारतीपुढं जागा उरलेली असते बारा-पंधरा फूट. मग त्या बारा-पंधरा फुटांतच तो बसवायचा. मंजूर नकाशात ‘एकास बारा’ छापलेलंच असतं. आम्ही साइटवर टेप पसरायचो, पण पुस्तकात उतरवायचो ते नकाशातलं. ही आमची पद्धत. कुणी वाईट हेतूनं करत नाही. नकाशा मंजूर आहे, आपण वेगळा आकडा लिहिला तर दहा प्रश्न येतात, फाइल महिनोन्महिने फिरते. तपासणीच्या फॉर्मवर ‘रॅम्प आहे काय?’ असा प्रश्न असायचा. रॅम्प होता. मी ‘होय’ लिहायचे.

इस्माईलभाईंच्या अर्जाला उत्तर मीच तयार केलं. “सदर इमारतीस रॅम्प उपलब्ध असून, आवश्यकतेनुसार दिव्यांग अभ्यागतांना उचलून नेण्यास कर्मचाऱ्यांकडून सहकार्य करण्यात येते.” वाक्य साहेबांना आवडलं. मलाही आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

ते पत्र घेऊन इस्माईलभाई परत आले. चिडले नव्हते. पत्राची घडी घालत म्हणाले, “उठा के लेके जाते, सच बात है. गेहूं का कट्टा भी उठा के लेके जाते, म्याडम.”

त्यानंतर हॉर्न वाजला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पाच पायऱ्या

चार-सहा महिने झाले, पाय आले नाहीत. आम्ही तळमजल्यावरचं घर भाड्यानं घेतलं. हातांत ताकद आली, खुर्ची चालवता यायला लागली, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून गाडीत फळी लावून सरकता यायला लागलं. नवव्या महिन्यात मी ठरवलं, कामावर जायचं.

ऑफिसनं फुलं आणली होती, कचोऱ्या मागवल्या होत्या. पाच पायऱ्यांखाली मी थांबले. चौघं पुढं आले, अठरा वर्षांचे माझे सहकारी. “टेन्शन नका घेऊ मॅडम, उचलून घेऊ की!” एकानं हँडल धरलं, दोघांनी चाकं, एकानं समोरून पाय. तिसऱ्या पायरीवर कुणाचा तरी हात निसटला, खुर्ची कलली, आणि साडीखालून गेलेली नळी कशात तरी अडकून निघाली. साडी भिजली. पायरी भिजली. पाय धरलेल्याच्या बुटावरही उडालं असेल.

सगळ्यांनी एकदम दुसरीकडं बघितलं, एकानं फुलांकडं. ही माणसं चांगली आहेत, मी पुन्हा सांगते. मला टेबलापर्यंत नेलं. मी दहा मिनिटं माझ्या टेबलाशी बसले, कचोरीचा कागद बघत. मग म्हणाले, घरी सोडा. म्हणजे पुन्हा त्या पाच पायऱ्या, पुन्हा ते चौघं.

गाडीत मी सुधाकरला सांगितलं, यापुढं मला कुणीही उचलायचं नाही. मरेन, पण कुणाला उचलू देणार नाही. तो “बरं” म्हणाला. त्यानंतर डॉक्टरांकडची तपासणी सोडली तर मी घराबाहेर पडले नाही, रजा वाढवत राहिले. लग्नं, बारशी, प्रज्ञाच्या कॉलेजचा कार्यक्रम, सगळीकडं पायऱ्या होत्या, आणि सगळीकडं उचलायला तयार असलेले चार जण.

नाना

माझे वडील, नाना, पाचोडला एकटे राहत. निवृत्त प्राथमिक शिक्षक. आई जाऊन सहा वर्षं झालेली. शेजारी काशिनाथ मिस्त्री, त्यांचा जुना विद्यार्थी, तोच येऊन-जाऊन बघायचा. मी आजारी पडल्यावर नाना दर आठवड्याला एसटीनं वॉर्डात यायचे. मग त्यांना धाप लागायला लागली आणि येणं थांबलं. रोज सकाळी सातला फोन मात्र यायचा.

ऑफिसातलं मी त्यांना सांगितलं नव्हतं. सुधाकरनं सांगितलं असावं. कारण एका सकाळी त्यांनी एकदम विचारलं, “बाई, ते एकास बारा म्हंजी काय गं? आपलं जोतं दोन फूट हाय.”

“म्हणजे चोवीस फूट. कशाला?”

“अंगण अठराच हाय.”

“मग वळवावा लागेल. वळणावर पाच फूट सपाट जागा लागते, खुर्ची फिरायला.”

कॅलेंडरच्या मागं लिहीत होते. मला पेन्सिलीचा आवाज येत होता.

“मंग लिंबाचं झाड आडवं येतंय.”

“राहू द्या नाना. कशाला ते.”

दुसऱ्या दिवशी सातला फोन आला. “झाड काढलं.”

ते झाड आईनं लावलं होतं. नाना म्हणाले, “हे बघ बाई. चौथीपोतर मी वर्गाच्या भाईर बसून शिकलो. खिडकीतनं फळा दिसायचा. आत काय चाललंय ते सगळं दिसतं, ऐकू येतं, अन् आपुन भाईर. ते काय असतंय, मला कुनी सांगायची गरज नाय. तू बापाच्या घरात सोताच्या सोता यायचं. तुला कुनी उचलायचं नाय.”

त्या क्षणी मला इस्माईलभाईंचं पत्र त्यांना सांगून टाकावंसं वाटलं. वर्गाबाहेर बसलेल्या माणसाच्या मुलीनं लिहिलेलं ते वाक्य. सांगितलं नाही. नाना गावात सगळ्यांना सांगायचे, “माझी पोरगी सरकारी इमारतींना रॅम्प बांधती.” ते मला मोडायचं नव्हतं.

रोजचा अहवाल येऊ लागला. मिस्त्रीनं पाण्याच्या नळीनं लेव्हल घेतली. मिस्त्री म्हणत होता, “गुरुजी, दोन-चार फूट कमी केलं तर काय बिघडतंय?” तर नानांनी त्याला शाळेत असताना लावायचे तशा उठाबशा काढायला लावल्या. पृष्ठभाग गुळगुळीत नको, झाडूनं रेघा मारून खरबरीत ठेवायचा, हे मी सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी पाइप लावला. मग एक दिवस म्हणाले, “झाला. मी चढून बघितला.”

“चालत ना?”

“छ्या! चालत काय समजतंय? दवाखान्यातली खुर्ची मागून आनली. त्यात बसलो अन् हातानं चाक फिरवत गेलो. दोन डाव. दम लागला, पर गेलो. आता तू कधी येतीस?”

मी म्हणाले, पुढच्या रविवारी.

पुढच्या रविवारी मी गेले नाही. गावातली माणसं बघतील, विचारतील, माझी पिशवी, माझे पाय. त्याच्या पुढच्या रविवारी ऊन फार होतं. मग प्रज्ञाची परीक्षा. नाना एकदाही रागावले नाहीत. “ये सवडीनं. रॅम्प कुठं पळून चाललाय,” म्हणायचे. तीन महिने मी असे काढले. ज्यांना नुकतंच माझ्यासारखं झालंय त्यांना एवढंच सांगते, कुणी वाट बघत असेल तर जा. लाज वाटली तरी जा.

तेरा फूट

मिस्त्रीचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. “ताई, नानांना दम लागलाय. दवाखान्यात आनलंय. ऑक्सिजन लावलाय. या तुमी, आत्ताच या.”

ते तालुक्यातलं एक सरकारी रुग्णालय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, चूक गावाची नव्हती. गाडी आवारात वळली आणि मी इमारत ओळखली. माझंच काम. जोतं तीन फूट. रॅम्प तेरा. छत्तीस हवा होता. मला टेप लागली नाही. उद्घाटनाच्या वेळी शोभा यावी म्हणून त्यावर चकचकीत फरशी बसवली होती, तीही माझ्यासमोर. रॅम्पच्या तोंडाशी तीन मोटारसायकली उभ्या होत्या.

सुधाकरनं मोटारसायकली सरकवल्या आणि मला ढकलायला सुरुवात केली. मी हातानं चाकं फिरवत होते. अर्ध्यावर चाकं जागीच घसरायला लागली. खुर्ची मागं कलली, पुढची चाकं उचलली गेली आणि मला एकदम आकाश दिसलं. सुधाकरनं छातीवर खुर्ची झेलली, आणि आम्ही दोघं घसरत खाली आलो.

लोक धावले. “थांबा ताई, उचलून घेतो की!”

मी म्हणाले, “नाही.”

“अहो, दोन मिनिटांचं काम—”

“नाही म्हटलं ना! मागून रस्ता आहे का? अॅम्ब्युलन्स कुठून जाते?”

मागं एक दार होतं. आम्ही इमारतीला वळसा घातला. दाराला कुलूप. चावी कुणाकडं तरी होती, तो जेवायला गेला होता. कुणी त्याला फोन लावत होतं. सुधाकर माझ्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, “अगं, आज तरी. फक्त आज.” मी नकारार्थी मान हलवली. मला ती ओली पायरी दिसत होती. आत माझा बाप होता, आणि मी हट्ट करत होते.

काशिनाथ मिस्त्री पुढच्या दारातून पळत आला. “ताई, नाना इचारायलेत, पोरगी आली का म्हणून. सारखं इचारायलेत.”

तेव्हा मी म्हणाले, “उचला.”

उचललं. कुणी धरलं, कुठं धरलं, साडी कुठं गेली, मला काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की त्याला खरंच दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वॉर्डात तिसऱ्या खाटेशी पोचले तेव्हा नर्स नानांच्या तोंडावरचा मास्क काढत होती. त्यांचा हात गरम होता. मी तो धरला आणि म्हणाले, नाना, मी आले. ते मी खूप वेळा म्हणाले असेन, कारण शेवटी सुधाकरनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

डॉक्टर म्हणाले, वीस मिनिटं आधी तुम्ही पोचला असतात तरी काही फरक पडला नसता. त्यांना वाटलं, मी जीव वाचला असता का ते विचारतेय.

नंतरचं

महिनाभरानं मी ऑफिसला पत्र लिहिलं. माझ्या सहीच्या अकरा रॅम्पची यादी केली. पुस्तकात काय लिहिलंय आणि जागेवर खरं काय आहे, दोन रकाने. खाली लिहिलं की मोजमाप मी चुकीचं नोंदवलं, जबाबदारी माझी. सुधाकर म्हणाला, नोकरीवर येईल. मी म्हणाले, येऊ दे. चौकशी अजून चालू आहे. दोन रॅम्प तोडून नव्यानं करण्याचा प्रस्ताव गेलाय, त्यात तो तेरा फुटांचा आहे. उरलेल्या नऊ रॅम्पबद्दल उत्तर आलं. “सदर इमारतींस रॅम्प उपलब्ध असून, आवश्यकतेनुसार दिव्यांग अभ्यागतांना उचलून नेण्यास कर्मचाऱ्यांकडून सहकार्य करण्यात येते.” माझ्या जागी आलेल्या मुलीनं जुन्या फाइलमधून वाक्य उतरवलं होतं, एकही शब्द न बदलता. मी तिला काय बोलणार? पुन्हा पत्र लिहिलं. परवा तिसरं लिहिलं.

जुन्या अर्जावर इस्माईलभाईंचा नंबर होता. फोन केला, माझं सगळं सांगितलं. ते घाबरल्यासारखे म्हणाले, “अल्ला माफ करे म्याडम. मैं वो मतलब से नहीं बोल्या था. मैं तो फकत रॅम्प का बोल्या था.”

मी म्हणाले, मला माहीत आहे. मला रडू आवरेना.

“रोना नक्को,” ते म्हणाले. “तुमारे घर को सीढ़ी है क्या? नहीं ना? तो मैं आता मिलने.”

आणि आले. चहा प्यायले. माझ्या खुर्चीची चाकं तपासून ब्रेक ढिला आहे म्हणाले आणि जाताना घट्ट करून गेले.

लिंबाच्या जागी

नाना गेले त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

नानांना दुपारी घरी आणलं. आमची गाडी मागून पोचली. लोक जमले होते. त्यांना फाटकातून आत नेताना पाहिलं, चौघांनी उचलून. पायऱ्यांवरून नेलं, पायऱ्या जवळ होत्या म्हणून. मी फाटकाशी होते. दोन-तीन जण माझ्याकडं वळले, हात पुढं केले, आणि तेवढ्यात काशिनाथ मिस्त्री आडवा आला.

“हात लावू नका कुनी,” तो म्हणाला. “गुरुजींनी सांगून ठिवलंय.”

मग तो माझ्यापाशी वाकला. “ताई, तवा एक खोटं बोललो मी. तुमी उचला म्हनल्यावर मी म्होरं आत पळालो, नाना इचारत होते. मी म्हनलं, आली, दारात हाय. तर म्हनले, कुनी उचललं का तिला? मी म्हनलं, नाय नाना. रॅम्पवरनं यायलीय, सोताच्या सोता. मंग त्यांनी डोळे मिटले. चुकलं का माझं?”

माझ्यासमोर नानांचा रॅम्प होता. कुंपणाच्या कडेनं निघालेला, लिंबाच्या जागेवर वळलेला, तिथं पाच फुटांची सपाट जागा, मग उलट दिशेनं ओट्यापर्यंत. झाडूच्या रेघा सगळीकडं सारख्या. मी पदर खोचला आणि चाकांवर हात ठेवले. सुधाकर मागं आला, मी त्याला नको म्हणाले.

चढणं इतकं सोपं असतं, हे मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं जो आकडा लिहीत होते, त्यावर मी पहिल्यांदाच चढत होते. वळणावर थांबले. सपाट जागेच्या कडेला लिंबाचं खोड जमिनीलगत कापलेलं होतं, त्याला एक कोवळा फुटवा आला होता. लोक अंगणात उभे होते. मी उरलेला उतार चढले, ओट्यावर आले, उंबरा नव्हता, नानांनी तोही काढून टाकला होता. खुर्ची सरळ आत गेली.

त्यांना मधल्या खोलीत ठेवलं होतं. मी जवळ गेले, ब्रेक लावला.

“आले नाना,” मी म्हणाले. “कुणी उचललं नाही.”